प्राणी नसलेलं सुट्टीचं घर कसं शोधायचं? (मुलाला मांजराची ॲलर्जी आहे)

कवडसा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. मागच्या सुट्टीपासून कुठे राहायला जायचं म्हटलं की पोटात गोळाच येतो.

मुलगा सात वर्षांचा. तपासणीत मांजराची ॲलर्जी जोरदार निघाली, कुत्र्याची त्यामानाने कमी, शिवाय दमा. घरी सगळं आटोक्यात असतं. मागच्या वेळी चार दिवसांसाठी एक घर भाड्याने घेतलं. जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं, 'पाळीव प्राण्यांना परवानगी नाही'. तेवढं वाचून मी निश्चिंत झाले. घर नीटनेटकं, लख्ख. पोचल्यावर तासाभरात त्याचे डोळे लाल झाले, मग शिंका. आम्हाला वाटलं, प्रवासाची धूळ असेल. रात्री दीडला खोकत उठला तेव्हा प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. स्पेसर लावून पंप दिला, पुन्हा दिला, आणि शेवटी तसंच उचलून दवाखाना गाठला. पहाटेपर्यंत ऑक्सिजनवर होता.

सकाळी सामान आवरायला मी एकटीच परत गेले. सोफ्यावरची उशी उचलली तर फटीत एक घुंगरू. मांजराच्या पट्ट्याला असतं ना, तेवढंसं. त्याला चार-पाच राखाडी केस गुंडाळलेले. मालकांना फोन केला. ते म्हणाले, "हो, आमची मांजर आहे की. पण पाहुणे असले की आम्ही तिला बरोबर घेऊन जातो." त्यांनी काही लपवलं नव्हतं. परवानगी नव्हती ती पाहुण्यांच्या प्राण्यांना. त्यांच्या स्वतःच्या मांजरीबद्दल मी विचारलंच नव्हतं.

आता सहा दिवसांसाठी जायचं ठरतंय, आजी-आजोबाही सोबत आहेत. तुमच्यापैकी कोणाच्या घरी असं असेल तर घर कसं शोधता, नेमकं काय विचारता, ते सविस्तर लिहाल का?

रानवाट

वाचताना अंगावर काटा आला. आता कसा आहे तो?

आमची लेक कुत्र्याच्या बाबतीत अशीच. बुकिंगच्या साइटवर 'प्राणी चालतील' अशी घरं एका टिचकीत वेगळी करता येतात, उलटं मात्र करता येत नाही. त्यामुळे आम्ही आधी ती चाळणी लावून प्राणी चालणारी घरं बघतो, त्यांची नावं टिपून ठेवतो, मग चाळणी काढून उरलेली घरं शोधतो. किचकट आहे, पण यादी निम्म्यावर येते.

आणि अभिप्राय वाचताना 'मांजर', 'कुत्रा', 'माऊ' असे शब्द टाकून शोधा. प्राणी आवडणारे पाहुणे कौतुकाने लिहून जातात, 'मालकांची गोड माऊ रोज अंगणात भेटायला यायची'. मालकाने सांगितलं नसेल ते तिथे सापडतं. फोटोही मोठे करून बघा. दाराच्या खालच्या बाजूला झडप, कोपऱ्यात वाडगा, सोफ्याच्या हातावर ओरखडे. एकदा एका फोटोत आरशात कुत्र्याची शेपटी दिसली होती आम्हाला.

मेघपालवी

मी लहान मुलांची डॉक्टर आहे, म्हणून थोडं खुलाशाने लिहिते. घर स्वच्छ असूनही त्रास का होतो हे कळलं की पुढचे प्रश्न आपोआप सुचतात.

ॲलर्जी केसांची नसते. मांजराची लाळ आणि त्वचेतल्या तैलग्रंथी यांत एक प्रथिन असतं, त्याला फेल डी १ म्हणतात. मांजर अंग चाटते, लाळ केसांवर सुकते, तिचे आणि त्वचेच्या कोंड्याचे अतिशय बारीक कण होतात. त्यातले बरेच ५ मायक्रॉनपेक्षाही लहान. ते तासन्‌तास हवेत तरंगतात आणि श्वासाबरोबर थेट खालच्या श्वासनलिकांपर्यंत पोचतात. शिवाय हे प्रथिन चिकट आहे. गालिचा, गादी, सोफा, पडदे, अगदी भिंतींनाही धरून बसतं. मांजर घरातून कायमची गेली तरी कणांचं प्रमाण मांजर नसलेल्या घराइतकं खाली यायला साधारण ४ ते ६ महिने लागतात, कधी त्याहून जास्त. पाहुणे यायच्या सकाळी मांजरीला उचलून नेण्याने काही साधत नाही ते यामुळे.

कुत्र्याच्या प्रथिनांपैकी मुख्य म्हणजे कॅन एफ १. तेही लाळेत आणि कोंड्यात असतं.

आणखी एक सांगून ठेवते, कारण पालक यात फार गोंधळतात. शिंका, डोळे चुरचुरणं हे काही मिनिटांत सुरू होतं. पण दम्याची दुसरी लाट काही तासांनी, बहुतेक ४ ते ८ तासांनी येऊ शकते. तुमच्या मुलाचं रात्री दीडचं तेच असावं. म्हणून संध्याकाळी 'थोड्या शिंका आहेत, होईल कमी' असं म्हणून त्याच खोलीत झोपवू नका.

श्वास घेताना बरगड्या ओढल्या जात असतील, बोलताना वाक्य तुटत असेल, ओठ निळसर वाटत असतील तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. तुम्ही अगदी बरोबर केलंत.

कवडसा (धागाकर्ती)

@रानवाट, आता छान आहे, धन्यवाद विचारल्याबद्दल. आरशाची युक्ती लक्षात ठेवते.

@मेघपालवी, खूप आभार. ४ ते ६ महिने हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे 'सध्या प्राणी नाही' या उत्तरालाही काही अर्थ नाही.

चांदणचुरा

बरोबर. म्हणून आम्ही 'प्राणी चालतात का' हा प्रश्न टाकूनच दिलाय. आम्ही विचारतो, शेवटचा प्राणी आत कधी होता?

गेली पाच वर्षं मी सगळीकडे एकच निरोप पाठवते. इथे डकवते, हवा तसा बदलून घ्या:

'नमस्कार. आमच्या मुलीला मांजर आणि कुत्रा यांची तीव्र ॲलर्जी आहे, तिला दमाही आहे. घर आवडलं आहे, पण ठरवण्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात. पाहुणे नसताना तुमचा किंवा सांभाळणाऱ्यांचा एखादा प्राणी घरात राहतो किंवा येऊन-जाऊन असतो का? आणि गेल्या वर्षभरात, अगदी एका रात्रीपुरता का होईना, कुठला प्राणी आत राहिला होता का? असेल तर तसं मोकळेपणाने कळवा. आमचा अजिबात गैरसमज होणार नाही, आम्ही दुसरीकडे बघू. पण प्राणी राहिलेल्या घरात मुलीला दवाखान्यात न्यायची वेळ येऊ शकते.'

यातलं 'मोकळेपणाने कळवा' हे वाक्य गाळू नका. आधी मी नुसते प्रश्न पाठवायचे तेव्हा सगळे 'काही काळजी करू नका, घर एकदम स्वच्छ आहे' असं लिहायचे. गिऱ्हाईक हातचं जाऊ नये असं कोणालाही वाटणारच. हे वाक्य घातल्यापासून लोक सरळ लिहितात, 'ताई, आमचा कुत्रा वर असतो, तुम्ही नका येऊ'. अशा माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

सगळं लेखी ठेवा, साइटवरच्याच निरोपांमध्ये. फोनवर कळलं तरी खाली 'आत्ता बोलल्याप्रमाणे घरात कधीच प्राणी नव्हता, बरोबर ना?' एवढं लिहून होकार घ्या. पुढे पैसे परत मागायची वेळ आली तर तेच दाखवता येतं.

समुद्रपक्षी

मला वाटतं थोडी जास्तच भीती बाळगली जातेय. ॲलर्जी न होणाऱ्या जातीचे कुत्रे असतात, केस न गळणारे. मालकाकडे तसा कुत्रा असेल तर काय हरकत आहे? आणि हवा शुद्ध करणारं यंत्र लावलं की झालं ना?

मेघपालवी

समुद्रपक्षी, हा समज सगळीकडेच आहे, पण त्यावर विसंबून मुलाला घेऊन जाऊ नका. केस कमी गळतात हे खरं. लाळ आणि कोंडा मात्र त्या कुत्र्यालाही असतोच. २०११ आणि २०१२ मध्ये यावर स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध झाले. 'ॲलर्जी न होणाऱ्या' म्हणून विकल्या जाणाऱ्या जातींच्या घरांत कॅन एफ १ चं प्रमाण इतर कुत्र्यांच्या घरांपेक्षा कमी आढळलं नाही.

यंत्राचं म्हणाल तर हेपा गाळणी असलेलं यंत्र चांगलंच असतं. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणं हीच हेपाची व्याख्या. पण ते हवेतलं गाळतं. गादीत मुरलेलं तिथेच राहतं आणि मूल कुशीवर वळलं की पुन्हा वर येतं. प्राणी नसलेल्या घरात जास्तीची काळजी म्हणून यंत्र जरूर न्या, झोपायच्या खोलीत दार लावून चालवा. ओझोन सोडणारी यंत्रं मात्र नकोत, ओझोनने श्वासनलिका आणखी चिडतात.

समुद्रपक्षी

हे माहीत नव्हतं. बहिणीच्या मुलाला दमा आहे आणि आमच्याकडे तसाच कुत्रा. तो दर वेळी आमच्याकडे आला की सर्दी होते म्हणायचे, आम्ही पाणी बदललं म्हणून सोडून द्यायचो. आज तिला फोन करतो.

उंबरठा

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. माझी दोन छोटी घरं आहेत, पाहुण्यांना भाड्याने देते. एकात प्राणी चालतात, दुसऱ्यात कधीच नव्हते. निदान मी तसं समजत होते.

एका पाहुण्या बाईंना दुसऱ्या घरात त्रास झाला. मी अगदी शपथेवर सांगत होते की इथे प्राणी आलेलाच नाही. त्यांनी शांतपणे विचारलं, "पांघरुणं कुठे धुता?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दोन्ही घरांच्या रजया एकाच कपाटात, चादरी एकत्र धुतल्या जायच्या, आणि झाडलोट करणाऱ्या मावशी एकच व्हॅक्यूम दोन्हीकडे फिरवायच्या. त्या व्हॅक्यूमला साधी गाळणी. म्हणजे एका घरातला कोंडा पिशवीत भरून दुसऱ्या घरात उडवत होतो आम्ही. फार वाईट वाटलं मला.

आता दोन्हीकडचं सगळं वेगळं आहे, कपाटांना वेगळे रंग दिलेत. तुम्ही मालकांना हेही विचारा: तुमची आणखी घरं आहेत का, त्यात प्राणी चालतात का, अंथरूण-पांघरूण आणि झाडलोटीचं सामान एकच आहे का? घर सांभाळणारे दादा कुत्रा घेऊन येतात का हेही विचारा. मालक लांब राहत असतील तर त्यांना हे ठाऊक नसतं.

आणि एक विनंती. 'सुवासिक फवारे मारू नका' असं आधीच सांगा. पाहुण्यांना बरं वाटावं म्हणून आम्ही मालक लोक भरभरून मारतो. दम्याच्या मुलांना त्यानेही धाप लागते हे मला त्या बाईंमुळेच कळलं.

चांदणचुरा

उंबरठा ताई, तुमची पोस्ट सोन्यासारखी आहे. एकत्र धुलाईचा विचार मी इतक्या वर्षांत केला नव्हता. निरोपात भर घालते.

दूरदेशी

एक मुद्दा राहिला. अंध किंवा अपंग व्यक्तींच्या मदतनीस कुत्र्यांना बऱ्याच देशांत कायद्याने प्रवेश द्यावाच लागतो, 'प्राणी नकोत' अशी पाटी असली तरी. अमेरिकेत एडीए कायद्यानुसार दुसऱ्या कोणाला ॲलर्जी आहे या कारणावरून असा कुत्रा नाकारता येत नाही. दोघांचीही सोय लावायची, शक्य तर वेगळ्या खोल्या द्यायच्या. ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्याचंही संरक्षण आहे. आणि ते योग्यच आहे, त्या माणसांनाही सुट्टीवर जायचा तेवढाच हक्क आहे.

म्हणून 'आमच्याकडे कधीच येत नाहीत' यावर न थांबता 'मदतनीस कुत्रा येऊन गेला होता का, कुठल्या खोलीत?' असं विचारा. मोठ्या हॉटेलात हे सोपं जातं, कारण प्राण्यांसाठीच्या खोल्या किंवा मजले बहुतेक ठरलेले असतात. खोली देताना लांबच्या मजल्यावरची मागून घ्या, आणि आदल्या दिवशी पुन्हा फोन करा. बुकिंग घेणारा एक आणि किल्ली देणारा दुसरा असतो, निरोप मधल्या मध्ये हरवतो.

मुसाफिर

मला स्वतःला मांजराची ॲलर्जी आहे, वय ४४. कुटुंबाला बाहेर थांबवून मी आधी एकटा आत जातो, सोफ्यावर वीस मिनिटं बसतो, उशीला तोंड लावून बघतो. डोळे चुरचुरले तर किल्ली परत. आतापर्यंत दोनदा परत फिरलोय, एकदा रात्री नऊ वाजता. वाद झाला, पण वाचलो.

लाकडी किंवा फरशीची जमीन, वेताच्या नाहीतर लाकडी खुर्च्या, धुता येणारे पडदे असं घर मी आधी निवडतो. भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा असेल तर फोटो बघूनच सोडून देतो.

मेघपालवी

मुसाफिर, निवड अगदी योग्य, गालिच्यात साध्या फरशीच्या कितीतरी पट कण साठतात. पण तुम्हाला दमा असेल तर उशीला तोंड लावायची परीक्षा कृपया नको. मुलावर तर मुळीच नको. मोठ्यांनी सोफ्याच्या फटी, पलंगाखालची जागा, गादीची खालची बाजू बघावी, टॉर्च लावून.

रानवाट

मुसाफिर, त्या दोनदा परत फिरलात तेव्हा पैसे मिळाले का परत?

मुसाफिर

एकदा पूर्ण मिळाले, कारण लेखी उत्तर होतं आणि मी आत गेल्यापासून अर्ध्या तासात वाडगा नि केसांचे फोटो पाठवले होते. दुसऱ्यांदा फक्त फोनवर बोलणं झालं होतं. काही मिळालं नाही.

हळदीकोवळं

विषय थोडा वेगळा आहे, चालेल ना? आम्हाला शेतावर राहायला जायचं आहे, मुलीला मांजराची ॲलर्जी आहे पण घोड्याची वगैरे कधी तपासलीच नाही. तिथे घोडे, ससे सगळं आहे.

मेघपालवी

चालेल की. घोडा आणि ससा यांची प्रथिनं वेगळी असतात, पण एका प्राण्याची ॲलर्जी असलेल्या मुलांना दुसऱ्याची असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. घोड्याची तर कधीकधी फार तीव्र येते. जाण्याआधी तपासणी करून घ्या. त्वचेवरच्या तपासणीआधी काही दिवस ॲलर्जीची गोळी बंद ठेवावी लागते, म्हणून वेळ आयत्या वेळची घेऊ नका. गोळी किती दिवस आधी थांबवायची ते तुमचे डॉक्टर सांगतील.

आणि सगळ्यांसाठीच, नाकातला स्टेरॉइडचा फवारा डॉक्टरांनी दिला असेल तर त्याचा पूर्ण परिणाम व्हायला काही दिवस जातात. निघायच्या दिवशी सुरू करून भागत नाही. दम्याचं रोजचं औषध सुट्टीत चुकवू नका. पंप हातातल्या पिशवीत ठेवा, उन्हात उभ्या गाडीत सोडू नका.

कवडसा (धागाकर्ती)

दोन आठवड्यांनी लिहितेय. चांदणचुरा ताईंचा निरोप, त्यात उंबरठा ताईंचे प्रश्न घालून, मी अकरा घरांना पाठवला. चौघांनी उत्तरच दिलं नाही. तिघांनी मोकळेपणाने सांगितलं की त्यांच्याकडे कुत्रा किंवा मांजर असते. दोघांनी 'काळजी करू नका' एवढंच लिहिलं, त्यांना पुन्हा विचारलं तर गप्प. एका काकांनी लिहिलं की प्राणी नाही, पण तीन महिन्यांपूर्वी एक कुटुंब न सांगता मांजर घेऊन आलं होतं, त्यानंतर गादी बदललेली नाही. इतकं खरं लिहिलं म्हणून त्यांना मुद्दाम आभाराचा फोन केला.

अकरावं घर घेतलं. फरशीची जमीन, मालकीणबाईंना स्वतःलाच दमा. त्यांनी न विचारता सांगितलं की फवारे वापरत नाही, पायपुसणी अलीकडेच बदलली. घरासमोर भटकी मांजर फिरते, दार उघडं टाकू नका, हेही सांगितलं.

आणखी एक अडचण आहे. आजी-आजोबांच्या शेजारी मांजर आहे, ती दिवसभर त्यांच्या मांडीवर असते. त्यांना कसं सांगू की कपडे बदलून या? गेल्या वर्षी सासूबाई दुखावल्या होत्या.

चांदणचुरा

त्यांना घुंगराची गोष्ट सांगितलीत का? मला सांगितलीत तशीच सांगा. माझ्या आईला नुसतं 'कपडे बदल' म्हटलं की राग यायचा. दवाखान्यातला लेकीचा ऑक्सिजन लावलेला फोटो दाखवला, त्या दिवसापासून ती स्वतःच धुतलेले कपडे बंद पिशवीत आणते. निघायच्या आधी अंघोळ, केस धुणं, आणि मांजरीच्या घरात नेलेली शाल-स्वेटर सोबत नको, एवढं पुरे.

कवडसा (धागाकर्ती)

तिथूनच लिहितेय, तिसरी रात्र आहे.

पोचल्यावर तो आजोबांबरोबर अंगणात थांबला. मी नि नवऱ्याने टॉर्च घेऊन सोफा, पलंग, कपाटाचा तळ सगळं बघितलं. सोफ्याच्या फटीत हात घालताना माझा हात थरथरत होता. एक रंगीत खडू निघाला, बाकी काही नाही. घरून आणलेल्या चादरी आणि अभ्रे घातले, यंत्र लावलं, चोवीस तास उघडा असलेला दवाखाना गाडीने किती मिनिटांवर आहे ते प्रत्यक्ष जाऊन पाहून आलो. बारा मिनिटं.

सासूबाई गाडीत बसल्या तेव्हा त्यांचे केस ओलेच होते. मांडीवर बंद पिशवी, त्यात दोघांचे कपडे. मला म्हणाल्या, "दोनदा धुतलेत." मला बोलवेना.

पहिल्या रात्री दीडला मला आपोआप जाग आली. त्याच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ बसून राहिले. श्वास अगदी हलका येत होता. आत्ताही दीडच वाजलाय, तो झोपलाय, आणि तो खडू सकाळी चित्र काढायला पाहिजे म्हणून त्याने उशीखाली ठेवलाय.

@उंबरठा, मालकीणबाईंना तुमच्या रंगीत कपाटांबद्दल सांगितलं. त्या लगत दुसरं घर बांधताहेत, त्यात प्राणी चालणार आहेत. तुम्ही व्हॅक्यूम कुठला घेतलात आणि धुलाईची पाळी कशी लावता, ते त्यांना हवंय. इथेच लिहिलंत तर त्यांना धाग्याचा दुवा पाठवते.

उंबरठा

लिहिते की. व्हॅक्यूम बंद पिशवीचा आणि हेपा गाळणीचा घ्यायला सांगा, आणि ज्या घरात प्राणी नाहीत त्या घराचा त्याच घरात ठेवायचा, बाहेर काढायचाच नाही. धुलाई आधी बिनप्राण्यांच्या घराची, मग दुसऱ्याची, आणि शेवटी यंत्र रिकामंच एकदा फिरवायचं. चादरींच्या कोपऱ्याला मी रंगीत दोऱ्याचा टाका घातलाय, म्हणजे मावशींची अदलाबदल होत नाही. बाकी उद्या फोटो टाकते.